निसर्ग चक्रीवादळ

निसर्ग हे ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर धडकलेले अरबी समुद्रातील तीव्र चक्रीवादळ होय. हे नाव बांगलादेशाने सुचवले होते. जन्म, वाढ आणि ऱ्हास या तिन्ही अवस्था त्याने अवघ्या चार दिवसांत पार केल्या.

निर्मिती व वाढ

चक्रीवादळासाठी समुद्रपृष्ठाचे तापमान साधारणतः २६.५ अंश सेल्सियसहून अधिक असावे लागते. पाण्याची वाफ वर जाऊन तिचे ढग बनताना उष्णता मुक्त होते, त्यामुळे केंद्रातील दाब आणखी घटतो आणि भोवतालची हवा आत खेचली जाते. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात ही हवा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. उंचीनुसार वारा फार बदलत असल्यास ही रचना विस्कटते. त्यामुळेच ऐन पावसाळ्यात अरबी समुद्रात चक्रीवादळे क्वचित होतात. २६ जुलै २००५ रोजी ठाणे, कल्याण व बदलापूर परिसरात आलेला महापूर अतिवृष्टीचा होता, चक्रीवादळाचा नव्हे.

निसर्गची सुरुवात १ जून रोजी पूर्वमध्य अरबी समुद्रात कमी दाबाच्या तीव्र क्षेत्रातून झाली. २ जून रोजी वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरच्या पुढे गेल्यावर भारतीय हवामानशास्त्र विभागाने त्यास चक्रीवादळाचा दर्जा दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी किनारा ओलांडताना वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, दिवेआगर व मुरूड भागातील नारळ-सुपारीच्या बागा मोठ्या प्रमाणात उद्ध्वस्त झाल्या.

ठाणे व कल्याण-डोंबिवली

अंदाजित धडक-पट्टा हरिहरेश्वरपासून दमणपर्यंत असल्याने ठाणे जिल्हाही इशाऱ्याच्या कक्षेत होता. वादळ प्रत्यक्षात ठाण्याच्या सुमारे १३० किलोमीटर दक्षिणेस धडकून ईशान्येकडे वळले. उत्तर गोलार्धात वादळाच्या वाटेच्या उजव्या बाजूस त्याची स्वतःची गती वाऱ्यात मिळवली जाते, तर डाव्या बाजूस ती वजा होते. ठाणे व कल्याण-डोंबिवली डाव्या बाजूस राहिली. येथील तुलनेने सौम्य अनुभवावरून वादळच दुबळे होते असे मानणे चुकीचे ठरेल.

ऱ्हास

जमिनीवर बाष्पाचा पुरवठा तुटतो व घर्षणाने वारे मंदावतात. निसर्ग त्याच संध्याकाळी दुबळे होऊ लागले आणि ४ जून रोजी मध्य भारतात साध्या कमी दाबाच्या क्षेत्रात रूपांतरित झाले. याउलट मे २०२१ मधील तौक्ते महाराष्ट्राच्या किनाऱ्याला समांतर, समुद्रावरूनच सरकल्याने बळ टिकवून राहिले. ठाणे-मुंबई परिसराला वादळी पावसाने झोडपून ते १७ मे रोजी रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर धडकले.