अलिखित करारांची नोंदवही

कोणत्याही जुन्या संसारांत लिहिलेल्या नियमांपेक्षां न लिहिलेले नियमच अधिक असतात. कोणत्या डब्यांत साखर आणि कोणत्या डब्यांत मीठ, हें घरच्या गृहिणीला कोणाला विचारावें लागत नाहीं. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटविण्याची गरजहि तिला भासत नाहीं. घर लहान असेपर्यंत ही स्मृति पुरते. घरांत माणसें वाढलीं, स्वयंपाकघरांत परके हात वावरूं लागले, कीं चिठ्ठीवांचून चालत नाहीं. आणि चिठ्ठ्या लिहावयास बसल्यावर असें आढळून येतें, कीं दोनचार डब्यांत नेमकें काय आहे याविषयीं घरच्या माणसांचेंहि एकमत नव्हतें. पायथन या संगणकभाषेच्या इतिहासांत २०१५ सालापासून जें एक दीर्घ कार्य चालू आहे, त्याचें स्वरूप बरेचसें असेंच आहे.

गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनीं १९८९ च्या डिसेंबरांत ॲम्स्टरडॅम येथील गणित व संगणकशास्त्राच्या संशोधनसंस्थेंत असतांना ही भाषा रचावयास घेतली आणि १९९१ च्या फेब्रुवारींत ती लोकांपुढें ठेवली. तिचें वैशिष्ट्य समजण्यासाठीं एक लहानशी गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. संगणक ज्या मूल्यांवर काम करतो, त्यांच्या जाती असतात: कांहीं मूल्यें संख्या असतात, कांहीं अक्षरमाला, कांहीं याद्या. दोन संख्यांचा गुणाकार होतो. दोन अक्षरमालांचा होत नाहीं. मूल्याच्या या जातीला 'टाइप' किंवा प्रकार असें म्हणतात. या प्रकारांच्या बाबतींत संगणकभाषांचे दोन संप्रदाय आहेत. एकांत प्रत्येक नांवाचा प्रकार आधीं घोषित करावा लागतो आणि आज्ञावली चालण्यापूर्वींच सर्वांची झडती होते. दुसऱ्यांत अशी घोषणा नसते. आज्ञावली चालूं लागते, आणि प्रकारांचा मेळ जेथें बसत नाहीं तेथें ती अडते. पायथन ही दुसऱ्या संप्रदायांतील. थोडक्या ओळींत पुष्कळ काम करून देणारी, नवशिक्याला न दटावणारी अशी तिची कीर्ति झाली, ती बव्हंशीं या मोकळेपणामुळेंच.

परंतु दोनशें ओळींच्या आज्ञावलींत जो मोकळेपणा सुखाचा वाटतो, तोच दोन लक्ष ओळींच्या आज्ञावलींत भयाचा होतो. लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो. त्यानें 'यादी' म्हणून जें नांव वापरलें त्यांत खरोखर यादी आहे कीं एकच नोंद आहे, हें सांगणारें कोणी उरलेलें नसतें. चूक असते, पण ती निजलेली असते, आणि क्वचित् येणाऱ्या एखाद्या दिवशीं नेमकी गिऱ्हाइकासमोर जागी होते.

या दोन संप्रदायांचा समेट घडवावा ही इच्छा पायथनच्याहि आधींच्या लोकांना झाली होती. १९९३ मध्यें गिलाड ब्राचा व डेव्हिड ग्रिसवोल्ड यांनीं स्मॉलटॉक या मोकळ्या भाषेसाठीं स्ट्राँगटॉक नांवाची पद्धति मांडली; तींत प्रकार लिहिणें ऐच्छिक होतें. १९९७ मध्यें फिलिप वॉडलर व सायमन मार्लो यांनीं स्वीडनमधील एरिक्सन कंपनींत जन्मलेल्या अर्लंग भाषेसाठीं अशीच योजना पुढें आणली. पण ती व्यवहारांत रुजली नाहीं. २००६ मध्यें जेरेमी सीक व वालिद ताहा यांनीं या विचाराला शास्त्रीय बैठक दिली. ज्या भागांत प्रकार लिहिले आहेत तेथें काटेकोर झडती आणि जेथें लिहिलेले नाहींत तेथें पूर्वींचाच मोकळेपणा, असे दोन्हीं भाग एकाच आज्ञावलींत नांदूं शकतात, असें त्यांनीं दाखविलें. सक्ति आणि स्वातंत्र्य यांच्या मध्यें पायरीपायरीनें चढण्याचा एक जिना सांपडला.

पायथनच्या घरांत मात्र हा विषय निघाला, कीं वाद पेटे. २००४ च्या अखेरीस व्हान रॉसम यांनीं ऐच्छिक प्रकारांचा विचार जाहीरपणें मांडला, तेव्हां त्याला इतका तीव्र विरोध झाला कीं थोड्याच दिवसांत त्यांना लोकांची समजूत घालावी लागली. पुढें २००८ च्या डिसेंबरांत पायथनची तिसरी आवृत्ति निघाली, तींत फंक्शनच्या—म्हणजे ठराविक काम करून देणाऱ्या आज्ञासमूहाच्या—मथळ्याशीं टीप लिहिण्याची सोय ठेवण्यांत आली. पण त्या टिपेचा अर्थ काय घ्यावयाचा, हें मुद्दाम सांगितलें गेलें नाहीं. चौकट तयार झाली, चित्र पुढें केव्हां तरी यावयाचें होतें.

तें आलें केंब्रिजहून. तेथें डॉक्टरेटसाठीं संशोधन करणारे फिनलंडचे युक्का लेहतोसालो हे प्रकार लिहितां येतील अशी पायथनसारखीच एक निराळी भाषा घडवीत होते. १९१३ नव्हे, तर शंभर वर्षांनंतरच्या २०१३ च्या मार्चांत, अमेरिकेंतील सँटा क्लारा येथील पायथन-परिषदेंत त्यांची व व्हान रॉसम यांची गांठ पडली. नवी भाषा काढण्याऐवजीं खुद्द पायथनचींच चिन्हें वापरावीं, हा व्हान रॉसम यांचा सल्ला त्यांनीं मानला, आणि त्यांची 'मायपाय' ही आज्ञावली पायथनची तपासनीस झाली. व्हान रॉसम, लेहतोसालो व पोलंडचे वुकाश लांगा या तिघांनीं सिद्ध केलेला, ४८४ क्रमांकाचा प्रस्ताव २०१५ च्या मे महिन्यांत मान्य झाला, आणि त्याच वर्षीं १३ सप्टेंबरला निघालेल्या पायथन ३.५ मध्यें त्याचा समावेश झाला. त्या प्रस्तावांतच असें अभिवचन होतें, कीं पायथन ही मोकळीच भाषा राहील आणि प्रकार लिहिण्याची सक्ति केव्हांहि होणार नाहीं, रूढीनेंसुद्धां नाहीं.

येथवरचा इतिहास तत्त्वाचा झाला. खरें कष्टाचें काम यापुढें होतें. कोणतीही आज्ञावली शून्यांतून लिहिली जात नाहीं. फाइल उघडणें, बेरीज करणें, मजकुरांत शोध घेणें, तारखा मोजणें, अशीं शेंकडों कामें करून देणारें एक मोठें भांडार भाषेबरोबरच मिळतें. त्याला 'स्टँडर्ड लायब्ररी' म्हणतात. प्रोग्रामर ओळीओळीला या भांडाराच्या दारीं जातो. तेथून काय मिळणार हें तपासनिसाला ठाऊक नसेल, तर त्याची तपासणी पहिल्याच उंबरठ्यावर आंधळी होते. म्हणून भांडारांतील प्रत्येक फंक्शन कोणत्या प्रकारचीं मूल्यें घेतें व कोणत्या प्रकारचें मूल्य परत करतें, हें सांगणारी ओळ लिहिणें प्राप्त झालें. अशा ओळीला 'टाइप सिग्नेचर' म्हणतात. मराठींत तिला प्रकारलेख म्हणतां येईल.

हे लेख भांडाराच्या मूळ ग्रंथांतच कां लिहिले नाहींत, असा प्रश्न साहजिक आहे. भांडारांतील पुष्कळसा भाग पायथनमध्यें नसून सी या भाषेंत लिहिलेला आहे. तेथें पायथनचा प्रकारलेख लिहावयास जागाच नाहीं. शिवाय भाषेची आवृत्ति ठराविक काळानेंच निघते. लेखांतील चुकीची दुरुस्ती तितका काळ खोळंबून राहिली असती. म्हणून २०१५ मध्यें 'टाइपशेड' नांवाचें स्वतंत्र दफ्तर उघडण्यांत आलें. त्यांत फंक्शनांचें शरीर नाहीं, केवळ मथळे आहेत. जगभरचे स्वयंसेवक तें लिहितात. आणि मायपायप्रमाणेंच मायक्रोसॉफ्टचा पायराइट व जेटब्रेन्सचा पायचार्म हेहि त्याच दफ्तराचा आधार घेतात.

लेखनिकाचें काम म्हणजे केवळ नक्कल, असें वरवर पाहणाऱ्याला वाटेल. प्रत्यक्षांत लिहितां लिहितां असें दिसून आलें, कीं भांडाराच्या अनेक फंक्शनांनीं काय कबूल केलें होतें, हें कोणीच स्पष्टपणें विचारलें नव्हतें.

बेरीज करणाऱ्या 'सम' या फंक्शनचेंच उदाहरण घ्यावें. त्याला यादी द्यावी आणि त्यानें बेरीज परत करावी, यांत अवघड तें काय? एखाद्या पेढीच्या हिशेबांत रकमा 'डेसिमल' या अचूक दशांश-प्रकारांत ठेवलेल्या असतात. त्यांची बेरीजहि डेसिमलच येते, आणि ती पैशापर्यंत पूर्णांकित करण्याची कला डेसिमलला अवगत असते. परंतु ज्या दिवशीं एकहि व्यवहार झाला नाहीं, त्या दिवशीं यादी रिकामी असते. आणि रिकाम्या यादीची बेरीज म्हणून 'सम' साधा पूर्णांक शून्य हातावर ठेवतें. त्या साध्या शून्याला ती कला येत नाहीं, आणि आज्ञावली कोसळते. वर्षभर बिनबोभाट चाललेली पेढी बंदच्या दिवशीं बुडावी, तसा हा प्रकार. टाइपशेडच्या लेखनिकांनीं म्हणून खरें तेंच लिहिलें: यादींत ज्या प्रकारचीं मूल्यें असतील त्या प्रकारचें मूल्य, अथवा शून्य. हा 'अथवा' कित्येक प्रोग्रामरांना कटकटीचा वाटतो. पण तो लेखनिकांनीं जन्माला घातलेला नाहीं. तो मुळांतच तेथें होता, लेखानें केवळ त्याच्यावर दिवा धरला.

दुसरें उदाहरण फाइल उघडणाऱ्या 'ओपन' या फंक्शनचें. फाइल वाचावयाची ती मजकूर म्हणून कीं कच्च्या बाइटांच्या स्वरूपांत, हें त्याला एकदोन अक्षरांच्या खुणेनें सांगावयाचें असतें. 'आर' म्हटलें कीं मजकूर. त्याला 'बी' जोडलें कीं बाइट. दोन्हीं खुणा प्रकारानें अक्षरमालाच. परंतु परत मिळणारी वस्तु निराळी. प्रकारलेखांच्या पहिल्या व्याकरणांत हा भेद व्यक्त करण्याची सोयच नव्हती, आणि म्हणून प्रारंभीं त्या फंक्शनचा लेख 'कोणत्या तरी जातीची फाइल' असा मोघम राहिला. २०१९ मध्यें निघालेल्या पायथन ३.८ मध्यें विशिष्ट अक्षरांनाच प्रकार मानण्याची सोय आली, आणि मग 'ओपन'चे अनेक निरनिराळे लेख लिहितां आले. भांडाराचें वर्णन करण्यासाठीं भाषेचें व्याकरणच वाढवावें लागलें, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे.

तिसरें उदाहरण अधिक नाजूक आहे. मजकुरांत एखादा नमुना शोधला असतां तो सांपडेल किंवा सांपडणार नाहीं. तेव्हां 'जुळणी, अथवा कांहींच नाहीं' हा लेख सरळ आहे, आणि 'कांहींच नाहीं'चा विचार करावयास विसरणाऱ्याला तपासनीस योग्यच अडवितो. परंतु सांपडलेल्या जुळणींतील एखादा तुकडा मागितला, तर काय मिळेल? बहुतेक वेळां अक्षरमाला. मात्र नमुन्यांत तो तुकडा ऐच्छिक ठेवला असेल, तर कांहींच नाहीं. कोणता नमुना कसा आहे, हें लिहिणाऱ्याला ठाऊक असतें; तपासनिसाला कळत नाहीं. संपूर्ण सत्य लिहावें, तर हजारों निर्दोष आज्ञावल्यांवर फुकट ठपका येतो, आणि खोट्या ठपक्यांना कंटाळून लोक खऱ्या ठपक्यांकडेहि कानाडोळा करतात. सत्य लपवावें, तर लेख खोटा ठरतो. टाइपशेडनें येथें तोड काढली: परत मिळेल तें 'अक्षरमाला, अथवा कांहींहि'. 'कांहींहि' हा तपासनिसाला डोळा झांकावयास सांगणारा खास प्रकार आहे. परंतु त्याच्या जोडीला 'अक्षरमाला' लिहिली असल्यामुळें, तो तुकडा संख्या समजून कोणी भागाकार करूं लागला, तर तपासनीस त्याला हटकतो. हा न्यायनिवाडा आहे, नक्कल नव्हे. लेखनिकाच्या हातीं नकळत न्यायाधीशाचा दंड आला.

मग दफ्तर आणि व्यवहार यांत विरोध आला, तर प्रमाण कोणास मानावयाचें? टाइपशेडनें व्यवहारास मानलें. त्यासाठीं 'स्टबटेस्ट' नांवाची एक आज्ञावली आहे. ती खऱ्या भांडाराला प्रत्यक्ष बोलावते, त्यांतील फंक्शनांचीं नांवें आणि त्यांना द्यावयाचीं मूल्यें दफ्तरांतील लेखांशीं ताडून पाहते, आणि तफावत दिसली कीं ओरडते. मथळ्याचा सांगाडा अशा रीतीनें यंत्रानें तपासला जातो. त्याचा अर्थ मात्र माणसांनींच वाचून, वाद घालून ठरवावा लागतो.

याच सुमारास जपानांत दुसरा एक प्रयोग झाला. युकिहिरो मात्सुमोतो यांच्या रूबी या भाषेची तिसरी आवृत्ति २५ डिसेंबर २०२० रोजीं प्रसिद्ध झाली, ती 'आरबीएस' नांवाची प्रकारलेखांची स्वतंत्र लिपि घेऊन. आज्ञावलीच्या ओळींत प्रकारांचा पसारा मांडणें मात्सुमोतो यांच्या रुचीला मानवत नव्हतें. म्हणून रूबीनें भांडाराचे लेख तर वेगळ्या फाइलींत ठेवलेच, पण प्रोग्रामरांनाहि तसेंच करावयास सुचविलें. पायथननें घराच्या भिंतीवर लिहिण्याची मुभा दिली. रूबीनें वही निराळी ठेवली. दोघांनीं एक गोष्ट मात्र सारखीच ओळखली होती, कीं भांडाराचे लेख आधीं पुरे झाल्यावांचून इतरांनीं लिहिलेल्या लेखांचें चीज होत नाहीं.

या उद्योगाचें फळ काय? ड्रॉपबॉक्स या कंपनीनें २०१९ मध्यें आपल्या पायथनच्या चाळीस लक्षांहून अधिक ओळी तपासणीखालीं आणल्याचें जाहीर केलें. अभिवचन अक्षरशः पाळलें गेलें आहे: एकहि प्रकारलेख नसलेली आज्ञावली पायथन पूर्वींइतक्याच निमूटपणें चालवितो. पण रूढीची गोष्ट वेगळी. अनेक संस्थांनीं आपापल्या घरांत लेखाची सक्ति केली आहे, आणि ज्यांना १९९१ चा मोकळेपणा प्रिय होता, त्यांना हा बदल सुखावह वाटत नाहीं. त्यांची तक्रार सर्वस्वीं निराधार आहे असें म्हणतां येणार नाहीं. जें लिहितां येतें तेंच योग्य, आणि ज्याचा लेख गुंतागुंतीचा होतो तें वाईट, अशी समजूत लेखांबरोबर हलक्या पावलानें येतेच.

तरीहि या नोंदवहीनें एक गोष्ट निःसंशय सिद्ध केली आहे. भांडारांतील करार प्रकारलेखांनीं निर्माण केले नाहींत. ते पहिल्या दिवसापासून होते, आणि ते मोडल्याची शिक्षाहि पहिल्या दिवसापासून होती. फक्त तो करार वाचावयास मिळत असे, तो शिक्षा भोगल्यानंतर. आतां तो आधीं वाचतां येतो. स्वातंत्र्य कमी झालें कीं वाढलें, हें ज्यानें त्यानें आपल्या अनुभवावरून ठरवावें. परंतु डब्यांत मीठ आहे कीं साखर, हें पदार्थ बिघडण्यापूर्वीं कळणें, यांत स्वयंपाकाची कला उणावते असें कोणी म्हणणार नाहीं.