घरातल्या फ्रिजचे विषारी वायू

घरगुती फ्रिज अमेरिकेत पसरला तो 1920 नंतर, आणि त्याच्या नळ्यांत विष खेळत होते. सल्फर डायऑक्साइड निदान नाकाला झोंबत असे. सांधा पाझरला की घरचे लोक खोकत बाहेर पळत. मिथाइल क्लोराइडला मात्र फारसा वास नव्हता. नळीची गळती रात्री कोणाला कळत नसे, आणि झोपेतच माणसे दगावत. 1926 मध्ये बर्लिनमधल्या अशाच एका कुटुंबाच्या मृत्यूची बातमी आइन्स्टाइन यांच्या वाचनात आली. त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांच्यासह हलता भाग आणि गळके सांधेच नसलेल्या फ्रिजचे पेटंट घेतले. तो फ्रिज बाजारात आला नाही, पण दुखणे त्यांनी अचूक ओळखले होते.

1930 मध्ये जाहीर झालेला फ्रिऑन हा फ्रिजसाठीचा नवा वायू बिनविषारी, न पेटणारा होता. तरी ज्योतीत तापला की त्यातून फॉस्जीनसारखे घातक वायू निघतात. पुढे त्याने ओझोन विरळ होतो हे उघड झाले आणि 1987 च्या माँट्रियल करारानंतर तो मागे पडला.

आज भारतातल्या कित्येक फ्रिजमध्ये आयसोब्युटेन, तर काही एसींत प्रोपेन असतो. दोन्ही स्वयंपाकाच्या गॅसचे भाऊबंद, पण सिलिंडरमध्ये मुद्दाम मिसळलेला उग्र वास त्यांत नसतो. शिवाय एसीचा प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. म्हणून नळी कापण्याचे किंवा झाळण्याचे काम घरी करू नये. प्रशिक्षित कारागिरालाच बोलवावे.