ख्रिस्ताचें राजरूप : सौम्यता आणि न्याय

ख्रिस्ती लोकांच्या आरंभींच्या चित्रांत ख्रिस्त सौम्य मेंढपाळ असतो व धर्मास राजाश्रय मिळाल्यावर तो कठोर न्यायाधीश होतो, असें पुष्कळदा लिहिलें जातें. हें विधान अगदींच निराधार नाहीं. परंतु उपलब्ध साधनें पाहतां तें जसेंच्या तसें मान्य करतां येत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

प्रथम इटलींतील राव्हेन्ना शहर घेऊं. गाला प्लाचिदिया राणीच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या, ५ व्या शतकांतील समाधिमंदिरांत मेंढपाळ ख्रिस्त आहे; पण त्याचीं वस्त्रें सोनेरी व जांभळीं म्हणजे राजाचीं असून हातीं काठीऐवजीं क्रूस आहे. त्याच शहरीं थिओडोरिक राजानें (मृत्यु इ. स. ५२६) बांधविलेल्या चर्चमध्यें दाढी नसलेला तरुण ख्रिस्त मेंढरें व शेरडें निरनिराळीं करीत बसला आहे. ही निवड म्हणजेच अंतिम न्याय होय. येथें मेंढपाळाचें नित्याचें कामच न्यायाची खूण ठरलें आहे.

सिनाई पर्वताच्या पायथ्याच्या सेंट कॅथरीन मठांत ६ व्या शतकांतील, मेणांत रंग कालवून फळीवर काढलेलें ख्रिस्ताचें चित्र आहे. त्यावरील मागाहूनचे रंग १९६२ सालीं काढल्यावर मूळ मुख दिसूं लागलें. आशीर्वाद देणाऱ्या हाताकडील अर्धें मुख शांत आहे. ग्रंथ धरलेल्या हाताकडील भिवई चढलेली व मुद्रा करडी आहे. यांत कोणी मानवी व दैवी स्वरूप पाहतात, कोणी दया व न्याय. हीं अर्थात् अनुमानें होत; पण दोन्ही भाव एकाच मुखावर आहेत, हें निर्विवाद.

आतां नाण्यांचा पुरावा. बायझंटाइन सम्राट दुसरा जस्टिनियन यानें पहिल्या कारकीर्दींत (६८५–६९५) सोन्याच्या नाण्याच्या दर्शनी बाजूस ख्रिस्ताची मुद्रा घालून 'राज्य करणाऱ्यांचा राजा' असें कोरविलें. स्वतः मागील बाजूस जाऊन 'ख्रिस्ताचा सेवक' म्हणविलें. ६९५ त नाक कापून त्यास पदच्युत करण्यांत आलें. ७०५ त परतल्यावर त्यानें मधल्या दोन्ही सम्राटांचा वध करविला व धर्माध्यक्ष कॅलिनिकस याचे डोळे काढविले. त्याच क्रूर कारकीर्दींतील नाण्यांवर मात्र ख्रिस्त अधिक तरुण, आंखूड कुरळ्या केसांचा आहे!

तात्पर्य, मुद्रेच्या सौम्यतेवरून राज्य सौम्य होतें असें ठरवूं नये. सौम्यता व न्याय हे या प्रतिमेचे दोन कालखंड नसून एकाच राजत्वाचीं दोन अंगें आहेत. सेवक म्हणविणारा सम्राट त्या मापास उतरला नाहीं. परंतु तें माप त्यानें स्वतःच आपल्या नाण्यावर कोरून ठेविलें, हें इतिहासाच्या अभ्यासकानें विसरूं नये.