प्रीतिभोजनाची पंगत

आमच्या घरात ‘प्रेम’ हा शब्द फारसा ऐकू येत नसे. आम्ही ‘प्रीती’ म्हणायचो. चर्चला ‘चर्च’ म्हणायचे ते शहरातले लोक. आमच्या आजीच्या तोंडी कायम ‘मंडळी’. मंडळी म्हणजे इमारत नव्हे, माणसे. कापणीच्या सणाला लोक बाजरीची कणसे, ऊस, भोपळे, एखादी कोंबडी घेऊन येत. उपासना झाली की त्यांचा लिलाव व्हायचा, आणि मग आवारात पंगत बसायची. त्या जेवणाला नाव होते प्रीतिभोजन. मला पहिल्यांदा वाढायला उभे केले तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आजी मागून म्हणाली, “वाढणाऱ्यानं पहिल्या ताटाकडं बघू नये बाळा, शेवटच्याकडं बघावं.”

ही पाहुणचाराची साधी रीत आहे असेच मी पुष्कळ वर्षे समजत होतो. आजी थकल्यावर एकदा तिने तिच्या लहानपणची गोष्ट सांगितली. नगर जिल्ह्यातल्या तिच्या खेड्यात बाप्तिस्मा घेतलेली घरे दोन जातींची होती. उपासनेला सगळे एकत्र येत, गाणी एकत्र म्हणत; पण प्रीतिभोजनाला दोन ओळी बसत. वरच्या ओळीचे जेवण उरकले की खालच्या ओळीला वाढायचे. आजी खालच्या ओळीत बसायची. “भाजी संपलेली असायची,” एवढेच ती म्हणाली.

प्रीतीच्या नावाने घातलेल्या जेवणात भाजी संपते कशी, हा प्रश्न घेऊन मी वाचायला बसलो. ख्रिस्ती माणसांनी आपल्या मंडळीत एकमेकांवर प्रीती कशी केली, एकमेकांना धीर कसा दिला, याचा इतिहास आपण बहुधा संतांच्या चरित्रांत शोधतो. मला तो तीन साध्या जागी सापडला : ताटात, पेटीत आणि नावांच्या यादीत.

आजीच्या गावची गोष्ट नवी नव्हती. ती करिंथ शहरात जवळजवळ एकोणीसशे वर्षे आधी घडून गेली होती. इसवी सन ५५च्या सुमारास पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात एका जेवणाची तक्रार आहे. काही जण आधीच जेवून घेतात, पिऊन तर्र होतात, आणि काही उपाशी राहतात. त्या काळी चर्चच्या इमारती नव्हत्या. मंडळी कुणातरी ऐपतदार माणसाच्या घरी जमे. रोमन धाटणीच्या घरातल्या जेवणाच्या खोलीत नऊएक माणसे आडवी होऊन जेवू शकत. बाकीचे अंगणात बसत असावेत, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. गुलाम आणि मजूर काम आटोपून उशिरा येणार, तोवर आतल्यांचे जेवण झालेले. पौलाने ते जेवण बंद केले नाही. एकमेकांसाठी थांबा, एवढे त्याने सांगितले. प्रीतीवरचा प्रसिद्ध तेरावा अध्याय याच पत्रात, दोन अध्यायांनंतर येतो. आज तो लग्नात वाचला जातो. लिहिला गेला तो मात्र ताटावरून भांडणाऱ्या माणसांसाठी.

जातीच्या प्रश्नाला अधिक जवळची घटना अंत्युखियातली. तिथे यहुदी आणि यहुदी नसलेले विश्वासणारे एका पंगतीला बसत. पेत्रही त्यांच्यात बसे. यरुशलेमहून याकोबाकडची काही माणसे आली आणि पेत्र हळूच बाजूला झाला. त्याचे पाहून बाकीचे यहुदीही उठले. पौलाने सर्वांदेखत त्याला जाब विचारला. गलतीकरांच्या पत्रात तो हे स्वतःच सांगतो. त्यात एक नाव मनाला लागते. बर्णबाही त्यांच्याबरोबर ओढला गेला. बर्णबा हे त्याचे पाळण्यातले नाव नव्हे. नाव होते योसेफ. ‘उत्तेजन देणारा’ या अर्थाचे हे टोपणनाव प्रेषितांनी त्याला दिले होते. शेत विकून पैसे मंडळीसाठी देणारा तोच, आणि पौलावर कुणी भरवसा ठेवत नव्हते तेव्हा त्याच्या बाजूने उभा राहणाराही तोच. असा माणूसही ताटापाशी आल्यावर डगमगला. मला या नोंदीचे मोल वाटते, कारण ती पुसली गेली नाही.

याच माणसांनी धीर कसा दिला ते पाहायचे तर रोमकरांस पत्राचा शेवटचा अध्याय वाचावा. वाचक तो सहसा ओलांडून जातात, कारण त्यात नावांपलीकडे फारसे काही नाही. अमक्याला सलाम सांगा, तमकीला सलाम सांगा, अशी पंचवीसएक नावे. सुरुवात किंख्रिया बंदरातल्या मंडळीची सेविका फीबी हिच्या शिफारशीने होते. बहुधा तिनेच हे पत्र रोमला नेले. नावांपैकी काही त्या काळी गुलामांत आणि मुक्त झालेल्या गुलामांत सर्रास असणारी आहेत. ज्याला घरात नुसती हाक मारली जाते, त्याचे नाव भरल्या सभेत, दुरून आलेल्या पत्रातून वाचले जाते. त्यांतल्या कित्येकांना एखादे विशेषणही आहे : हिने फार श्रम केले, ते माझ्याबरोबर तुरुंगात होते. उत्तेजन म्हणजे उपदेशच असे नाही, हे त्या यादीवरून कळते. दखल घेणे हेही उत्तेजनच.

पुढच्या शतकात ही प्रीती व्यवस्थेत उतरली. इसवी सन १५५च्या सुमारास रोममध्ये जस्टिन या लेखकाने सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती उपासनेचे वर्णन लिहिले. ज्याला ऐपत आणि इच्छा आहे तो देतो. ते प्रमुखाकडे जमा होते. त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे यांची काळजी घेतली जाते. जो उपासनेला येऊ शकला नाही त्याच्या घरी सेवक भाकरीचा वाटा पोचवतात. इसवी सन १९७च्या सुमारास कार्थेजचा टर्टुलियन पेटीबद्दल लिहितो. महिन्यातून एकदा, ज्याच्या-त्याच्या खुशीने वर्गणी, सक्ती नाही. खर्चाच्या बाबी : गरिबांचे अन्न आणि दफन, आईबाप नसलेली मुले, म्हातारे झालेले गुलाम, जहाज फुटून नागवलेले, खाणीत, बेटावर किंवा तुरुंगात डांबलेले. त्या काळच्या रोमन समाजात दफनासाठी भिशीसारख्या संघटना होत्या. पण तिथे वर्गणी भरील त्यालाच लाभ. इथे न भरणाऱ्यालाही हक्क होता. याच टर्टुलियनने मंडळीच्या जेवणाला ग्रीक भाषेतले प्रीतीचे नाव असल्याचे नोंदवले आहे. आपले ‘प्रीतिभोजन’ अर्थाने त्याच शब्दाचे वारस.

हे सगळे स्वतःबद्दलचे कौतुक असेल, अशी शंका वाचकाला येणे रास्त आहे. म्हणून विरोधकांची साक्ष मला अधिक मोलाची वाटते. लुकियन या विनोदी लेखकाने पेरेग्रिनस नावाच्या भोंदूची कथा लिहिली. तो ख्रिस्ती झाला आणि तुरुंगात पडला, तर पहाटेपासून म्हाताऱ्या विधवा आणि अनाथ पोरे दाराशी बसलेली, जेवणाचे डबे येताहेत, दुसऱ्या शहरांतून माणसे भेटीला येताहेत. लुकियन या भोळेपणाला हसतो. पण हसता हसता चित्र काढून जातो. दुसरी साक्ष सम्राट जुलियनची. त्याला रोमन देवतांची पूजा पुन्हा जागवायची होती. इसवी सन ३६२मध्ये तो एका पुजाऱ्याला खरमरीत पत्र लिहितो, की हे लोक आपल्या गरिबांना पोसतातच, वर आमच्याही गरिबांना पोसतात. आपण काय करतो? आकडाच हवा असेल तर रोमचा बिशप कॉर्नेलियस याने इसवी सन २५१मध्ये लिहिलेले पत्र आहे. त्यात मंडळीच्या खर्चाने जगणाऱ्या विधवा आणि गरजूंची संख्या पंधराशेच्या वर दिली आहे. तेव्हा या मंडळीला कायद्याची मान्यताही नव्हती.

संख्या वाढली, मान्यता मिळाली, मोठाल्या इमारती झाल्या, आणि जेवण मागे पडले. चौथ्या शतकात लावदिकिया इथल्या परिषदेने चर्चच्या आत प्रीतिभोजने घालू नयेत असा नियम केला. उपासनेत भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट तेवढा उरला. पोटभर जेवण बाहेर गेले. पुढे १७२७ साली जर्मनीतल्या हेर्नहूट गावी मोरावियन लोकांनी प्रीतिभोजन पुन्हा सुरू केले, आणि त्यांच्याकडून ते जॉन वेस्लीच्या मेथडिस्टांनी घेतले.

भारतात प्रॉटेस्टंट मिशनरी आले तेव्हा त्यांच्यापुढे करिंथ आणि अंत्युखिया ही दोन्ही गावे एकदम उभी राहिली. तंजावरकडच्या जुन्या मंडळ्यांत जातवार बसण्याची रीत चालत आली होती. १८३३मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी मंडळीतला जातिभेद ताबडतोब आणि कायमचा सोडावा असे पत्रक काढले. तंजावरात त्याला मोठा विरोध झाला. पुष्कळ कुटुंबे चर्चमधून उठून गेली. आपल्याकडे अमेरिकन मराठी मिशनची माणसे १८१३ साली मुंबईत उतरली आणि १८३१मध्ये नगरला ठाणे झाले. जात सोडणे ही या मिशनची अट होती. अट घालणे सोपे. ती पाळायची होती ज्यांना एका विहिरीवर पाणी भरायचे असे त्यांना.

ते किती कठीण होते हे लक्ष्मीबाई टिळकांइतके प्रांजळपणे मराठीत कुणी सांगितलेले नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे राहायला आल्या त्या आपले सोवळे घेऊन. वेगळा स्वयंपाक, वेगळे पाणी. १९३४पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त हा प्रवास त्यांनी स्वतःलाच हसत लिहिला आहे. मन बदलले ते वादविवादाने नव्हे. शेजारपाजार, आजारपणे, मुले यांत राहता राहता एक दिवस त्यांनाच वाटले की देवाने माणसे केली, जाती आपण केल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पंगतीचा प्रश्न त्यांनी बाप्तिस्म्याच्या आधीच सोडवला होता.

पण नगरच्या मंडळ्यांत लक्ष्मीबाईंसारखी माणसे थोडी. बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतले होते. गावाने दोघांनाही वेशीबाहेर ठेवले होते, तरी दोघांत आपसातही अंतर होते. १८७६ ते १८७८च्या दुष्काळानंतर मंडळ्या झपाट्याने वाढल्या आणि हे अंतरही त्यांच्याबरोबर आत आले. दुष्काळाने दुसरे काहीतरीही शिकवले. १८९६-९७मध्ये पंडिता रमाबाई मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. त्या मुलींना न्हाऊ-माखू घालण्यात, शिकवण्यात शारदा सदनात आधी आलेल्या मुलींचा हात होता. ज्यांना कालपर्यंत कुणी जवळ केले नव्हते, त्या आज दुसरीला जवळ करत होत्या. मागून आलेलीची आधी आलेलीने काळजी घ्यायची, हीच पौलाच्या ‘एकमेकांसाठी थांबा’ची रीत.

आजीच्या गावातल्या दोन ओळींचे काय झाले, हे सांगायचे राहिले. एका वर्षी नवे पाळक आले. त्यांनी उपदेशात या विषयाचे नावही काढले नाही. प्रीतिभोजनाच्या दिवशी पाळकबाई आपली दोन लेकरे घेऊन खालच्या ओळीत येऊन बसल्या आणि भाजीची वाट बघत राहिल्या. वाढणाऱ्यांची पंचाईत झाली. पाळकांच्या घरच्यांना उरलेसुरले वाढायचे कसे? त्या वर्षी भाजी पुरली. दुसऱ्या वर्षी आणखी दोन घरे खाली आली. वरच्या ओळीतली तीन घरे रागावून मंडळी सोडून गेली, त्यांतले एक परतले. एकच ओळ व्हायला सहा-सात वर्षे लागली, असे आजी बोटांवर मोजून सांगायची. ओळ एक झाल्यावर वाढायचे काम खालच्या ओळीतल्या मुलींकडेही आले, आणि त्यांतली एक आजी होती.

मी तिला विचारले होते, “तुला राग नव्हता का गं?” ती म्हणाली, “होता की. म्हणून तर शेवटच्या ताटापासून वाढायला लागले.”

हे लिहिताना मला आमच्या मंडळीचा गौरव करायचा नाही. पंगत एक झाली, पण सोयरिक जुळवताना जुन्या ओळी अजून दिसतात. लग्नपत्रिका वाचणाऱ्याला त्या ओळखू येतात. तेराव्या अध्यायाचे वाचन त्या लग्नांतही होते. कापणीच्या सणाला आता जेवण बाहेरून मागवतात, टेबलांवर मांडतात, ज्याने-त्याने वाढून घ्यायचे. सोय झाली खरी. मी मात्र अजून भात वाढायला उभा राहतो. परवाच्या सणाला कामावरून सुटून उशिरा आलेला एक मुलगा दाराशी घुटमळत होता. मी पातेल्यात पाहिले. भाजी होती.