वकिली पेढ्यांतील वार्ता आणि कुजबूज : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

'वकील' हा शब्द आज आपण न्यायालयात बाजू मांडणाऱ्या व्यावसायिकासाठी वापरतो. अठराव्या शतकात मात्र मराठी दरबाराचा वकील म्हणजे परदरबारी ठेवलेला प्रतिनिधी होय. दिल्लीस हिंगणे घराण्यातील वकील होते, हैदराबादेस निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे होते. धन्याची बाजू मांडणे हे त्यांच्या कामाचे एक अंग होते. दुसरे, आणि कदाचित अधिक वेळखाऊ अंग म्हणजे बातमी पाठविणे. कोण कोणावर रुष्ट आहे, कोणाची मसलत कोणाशी चालली आहे, खजिन्यात किती शिल्लक आहे, हे सारे या वकिलांच्या पत्रांत सापडते. हिंगणे दप्तर वाचताना खात्रीची बातमी कोठे संपते आणि वदंता कोठे सुरू होते, हे सांगणे अनेकदा कठीण जाते. तरीही इतिहासकारांनी ही पत्रे त्याज्य मानली नाहीत. त्यांची छाननी केली आणि त्यांतून अठराव्या शतकाचा इतिहास उभा केला.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र आधुनिक काळातील वकील हा आहे. दुसऱ्याची बातमी राखणे हा ज्याचा व्यवसायधर्म, त्या वर्गाची स्वतःची बातमी बाहेर कशी आली, आणि ती बाहेर आल्यामुळे त्या व्यवसायाचे काय झाले, याचा शोध येथे घेण्याचा प्रयत्न केला आहे. यासाठी प्रामुख्याने अमेरिकेतील मोठ्या वकिली पेढ्यांचा विसाव्या शतकातील इतिहास विचारात घेतला असून मुंबईचा संदर्भ आवश्यक तेथे जोडला आहे.

मुंबईची मौखिक परंपरा

मुंबई उच्च न्यायालयाची स्थापना १८६२ मध्ये झाली. त्याच्या मूळ शाखेत वकिलीची द्विस्तरीय पद्धत रूढ होती. अशील सॉलिसिटरकडे जाई, सॉलिसिटर कागदपत्रे तयार करी आणि न्यायालयात उभे राहण्यासाठी बॅरिस्टरला किंवा मूळ शाखेच्या अ‍ॅडव्होकेटला ब्रीफ देई. कायद्यातील दुरुस्तीनुसार ही सक्ती १९७७ च्या आरंभी संपली. या पद्धतीचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. ज्याला जाहिरात करता येत नाही आणि ज्याचा अशिलाशी थेट संबंधही येत नाही, अशा नवोदित बॅरिस्टरचे भवितव्य सर्वस्वी सॉलिसिटरांच्या पेढ्यांत त्याच्याविषयी काय बोलले जाते यावर अवलंबून असे. पेढीतील भागीदारांइतकेच तेथील मॅनेजिंग क्लार्कचे मतही मोलाचे होते. 'अमुक उलटतपासणीत कच्चा आहे' किंवा 'तमुक न्यायमूर्ती त्याचे ऐकतात' ही वाक्ये कोठेही छापली जात नसत. पण ब्रीफ कोणाच्या टेबलावर जाणार हे तीच ठरवीत.

ही माहिती छापून आली ती फार उशिरा, आणि आठवणींच्या रूपाने. फिरोजशा वाच्छा यांचे मुंबईतील प्रसिद्ध न्यायाधीश, वकील व खटले यांवरील इंग्रजी पुस्तक १९६२ मध्ये निघाले. मोतीलाल सेटलवाड यांचे 'माय लाइफ : लॉ अँड अदर थिंग्ज' १९७० चे, तर न्या. महंमद करीम छागला यांचे 'रोझेस इन डिसेंबर' १९७३ चे. छागला उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तिपदावरून १९५८ मध्ये निवृत्त झाले होते. म्हणजे ज्या बारविषयी ते लिहीत होते तो बार तोवर बराचसा बदलला होता. स्मृतिग्रंथांतील गोष्ट गोड होऊन येते. तिच्याने कोणाचे नुकसान होत नाही आणि कोणाला निर्णय बदलावा लागत नाही. वार्ता आणि आठवण यांतील हा फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

वॉल स्ट्रीटवरील मौन

न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीट परिसरातील पेढ्यांचे मौन याहून कडक होते. अमेरिकन बार असोसिएशनने १९०८ मध्ये व्यवसायनीतीचे नियम संमत केले आणि त्यांत जाहिरात निषिद्ध मानली. पेढीचे उत्पन्न, भागीदारांचा वाटा, कोणाला भागीदारी का नाकारली, हे प्रश्न विचारणेच असभ्यपणाचे समजले जाई. समाजशास्त्रज्ञ अर्विन स्मायगेल यांनी या पेढ्यांचा अभ्यास करून 'द वॉल स्ट्रीट लॉयर' हा ग्रंथ १९६४ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा माहिती मिळविणे हेच त्यांच्यापुढचे मोठे आव्हान होते. आतील जीवनाचे चित्रण करण्याची मुभा जणू कादंबरीकारालाच होती. लुई ऑकिन्क्लॉस हे स्वतः न्यूयॉर्कमध्ये वकिली करीत आणि त्याच जगावर कथा-कादंबऱ्या लिहीत. भागीदारांतील स्पर्धा, मत्सर, वारसांची निवड हे विषय त्यांच्या कथांत आले. परंतु कथा असल्यामुळे कोणाला उत्तर द्यावे लागले नाही.

या मौनाखाली पेढ्या परस्परांवर बारीक नजर ठेवून होत्या, हे मात्र विसरता येत नाही. नवपदवीधर वकिलांना सर्व प्रमुख पेढ्या जवळपास सारखेच वेतन देत. हा 'चालू दर' एकमेकांची माहिती असल्याखेरीज टिकणे शक्य नव्हते. १९६८ मध्ये क्रॅव्हॅथ, स्वेन अँड मूर या पेढीने सुरुवातीचे वार्षिक वेतन १५,००० डॉलरवर नेले आणि इतरांना तिच्यामागे जावे लागले. म्हणजे कुजबूज होतीच. ती फक्त आतल्या वर्तुळापुरती होती.

१९७७ नंतर

मौन भंगले त्याची सुरुवात न्यायालयांतूनच झाली. १९७५ मध्ये गोल्डफार्ब खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वकिलांचे किमान शुल्काचे दरपत्रक मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेत आणले. १९७७ मध्ये बेट्स विरुद्ध स्टेट बार ऑफ अ‍ॅरिझोना या खटल्यात, पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने, वकिलांच्या जाहिरातीवरील सरसकट बंदी घटनाबाह्य ठरली. हा खटला दोन तरुण वकिलांच्या स्वस्त कायदेसेवा केंद्राने वृत्तपत्रात दिलेल्या जाहिरातीवरून उद्भवला होता. वॉल स्ट्रीटशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. पण व्यवसायाविषयी जाहीरपणे बोलणे म्हणजे व्यवसायाचा अपमान, या समजुतीचा आधारच त्याने काढून घेतला.

लगेच त्याचा लाभ घेणारे पत्रकार पुढे आले. 'नॅशनल लॉ जर्नल' १९७८ मध्ये सुरू झाले. १९७९ मध्ये येल विद्यापीठाचे कायद्याचे पदवीधर स्टीव्हन ब्रिल यांनी 'द अमेरिकन लॉयर' हे मासिक काढले. आतापर्यंतची कायदाविषयक नियतकालिके निवाड्यांची चर्चा करीत. आपल्याकडील १८९९ पासूनचे 'बॉम्बे लॉ रिपोर्टर' हे त्याच कुळातले. ब्रिल यांनी निवाडे बाजूला ठेवले आणि निवाडे मिळविणाऱ्या पेढ्यांना एखाद्या उद्योगसंस्थेप्रमाणे वागविले. कोण कोणास सोडून गेला, अशील का तुटला, भागीदारांत फूट का पडली, हे त्यांच्या वार्ताहरांनी नावानिशी छापले.

१९८५ मध्ये या मासिकाने पन्नास पेढ्यांची यादी प्रसिद्ध केली. पुढे ती शंभरांची झाली. एकूण उत्पन्न, वकिलांची संख्या आणि प्रत्येक भागीदारामागे पडणारा नफा हे तिचे मुख्य रकाने होते. पेढ्यांवर हिशेब जाहीर करण्याचे कायदेशीर बंधन नसल्याने आकडे आजी-माजी भागीदारांकडून चौकशी करून जमविले होते. दुसऱ्या शब्दांत, कुजबूज मोजून, पडताळून तिचा तक्ता बनविला होता. माझ्या मते या व्यवसायाच्या आधुनिक इतिहासात एखाद्या निवाड्यापेक्षाही या तक्त्याचा परिणाम खोल आहे. तोपर्यंत भागीदाराला आपला वाटा ठाऊक होता, समोरच्या इमारतीतील समव्यावसायिकाचा ठाऊक नव्हता. आता तो दरवर्षी कळू लागला. पेढी ही आयुष्यभराची बांधिलकी मानणारा भागीदार आपल्या अशिलांसह दुसरीकडे जाण्याचा हिशेब करू लागला. नफ्याचा आकडा वाढविण्याचा एक सोपा मार्गही उघडच होता, तो म्हणजे भागीदारांची संख्या कमी ठेवणे. कित्येक कनिष्ठ वकिलांची भागीदारी या भागाकाराने लांबविली असावी.

कनिष्ठांच्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. वेतनाच्या वार्ता उघडपणे फिरू लागल्याने एका पेढीची वाढ काही दिवसांतच सर्वांची होऊ लागली. मोठ्या पेढ्यांतील पहिल्या वर्षाचे वेतन २००७ मध्ये १,६०,००० डॉलर, २०१६ मध्ये १,८०,००० आणि २०२३ अखेर २,२५,००० डॉलरपर्यंत गेले.

स्त्री वकिलांच्या बाबतीतही बंद दाराआडच्या निर्णयांवर प्रकाश पडणे अत्यावश्यक होते. एलिझाबेथ हिशन या १९७२ मध्ये अटलांटा येथील किंग अँड स्पॉल्डिंग या पेढीत रुजू झाल्या आणि त्यांना भागीदारी नाकारण्यात आली. भागीदार कोणास करावे हा आमचा खाजगी प्रश्न आहे, ही पेढीची भूमिका १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने अमान्य केली. नोकरीतील भेदभावास प्रतिबंध करणारा कायदा येथेही लागू होतो असे ठरले. 'आतली गोष्ट' म्हणून जे झाकले जाई, त्यात अन्यायही झाकला जाई, याचा हा न्यायालयीन पुरावाच होय.

वार्तेने कोसळणाऱ्या पेढ्या

वकिली पेढीजवळ कारखाना नसतो, मालाचा साठा नसतो. तिची मालमत्ता म्हणजे तिची माणसे आणि त्यांच्यावरील अशिलांचा विश्वास. त्यामुळे 'पेढी बुडते आहे' ही वार्ता खोटी असली तरी ती खरी ठरू शकते. सावकारी पेढीवर ठेवीदारांची झुंबड उडावी तसा प्रकार येथे घडतो. फरक इतकाच की पैशाऐवजी भागीदार बाहेर पडतात.

१९६८ मध्ये स्थापन झालेली फिन्ली-कम्बल ही न्यूयॉर्कची पेढी वीस वर्षांत सहाशेहून अधिक वकिलांपर्यंत वाढली. इतर पेढ्यांतील नामवंत भागीदार आणि माजी राजकारणी मोठ्या रकमेवर आणणे आणि त्यासाठी बँकांचे कर्ज घेणे, ही तिची रीत होती. १९८७ मध्ये अंतर्गत कलह छापून आले आणि वर्षअखेरपर्यंत पेढी विसर्जित झाली. वार्ताहरांनी तिला बुडविले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. कर्ज खरे होते, कलहही खरा होता. वार्तेने केवळ अवधी हिरावून घेतला.

ड्यूई अँड लेबफ या पेढीची कथा अधिक बोधप्रद आहे. २००७ मध्ये दोन जुन्या पेढ्यांच्या विलीनीकरणातून ती जन्मास आली. अनेक भागीदारांना निश्चित उत्पन्नाची हमी दिली गेली. ती पुरी करण्याइतकी प्राप्ती झाली नाही. २०१२ च्या आरंभी भागीदार जाऊ लागले. त्याच सुमारास 'द अमेरिकन लॉयर'ने आपलाच पूर्वी छापलेला आकडा दुरुस्त केला : २०११ चे उत्पन्न सुमारे ९३.५ कोटी डॉलर नसून ७८.२ कोटी डॉलर होते. २८ मे २०१२ रोजी पेढीने दिवाळखोरीचा अर्ज केला. २०१७ मध्ये तिच्या वित्तप्रमुखास दोषी ठरविण्यात आले. येथे लक्षात घेण्याजोगी बाब ही की, एकेकाळी गुपित फोडण्यासाठी जो तक्ता तयार झाला, त्यातच आता फुगविलेला आकडा बसला होता. हिंगण्यांच्या पत्रांना जी छाननी लागते, तीच या छापील तक्त्यालाही लागते.

पुन्हा मुंबई

भारतात परिस्थिती अनेक अंगांनी निराळी राहिली. मुंबईच्या एस्प्लनेड येथील फौजदारी न्यायालयाच्या आवारात पक्षकारांना अक्षरशः ओढण्याच्या प्रकारावरून महाराष्ट्र बार कौन्सिलने केलेले अपील १९७५-७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे होते. वकिली हा व्यापार नव्हे, ही भूमिका न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यात ठासून मांडली. अमेरिकेत बेट्स निवाडा आला तो त्यानंतर लवकरच. एकाच वेळी दोन सर्वोच्च न्यायालये विरुद्ध दिशांना पाहत होती. भारतीय बार कौन्सिलच्या नियम ३६ मधील जाहिरातबंदी त्यानंतरही कायम राहिली. २००८ मध्ये संकेतस्थळावर मोजकी माहिती देण्याची सवलत मिळाली.

दुसरे कारण पेढीच्या आकाराचे. १९५६ च्या कंपनी कायद्यानुसार साध्या भागीदारीत वीसहून अधिक भागीदार असू शकत नसत. पेढ्या लहान, बहुधा कौटुंबिक राहिल्या, आणि घरची गोष्ट घरातच राहिली. २००८ च्या मर्यादित दायित्व भागीदारी कायद्याने हे बंधन सैल केले. २०१५ मध्ये १९१७ पासूनची अमरचंद मंगलदास ही पेढी मुंबई आणि दिल्ली अशी दोन भावांत विभागली गेली, तेव्हा ती वार्ता आर्थिक दैनिकांची ठळक बातमी झाली. एका पिढीपूर्वी ती बाररूमच्या चहापुरती राहिली असती.

परदेशी पेढ्यांच्या प्रवेशाचा वाद याच बदलाचा भाग आहे. नव्वदच्या दशकात काही परदेशी पेढ्यांनी रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने संपर्क कार्यालये उघडली. त्याविरुद्धच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २००९ मध्ये निर्णय देऊन न्यायालयाबाहेरचे कामही वकिलीच होय असे सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तेच मूलतः ग्राह्य धरून अधूनमधून येऊन सल्ला देण्याची मुभा ठेवली. २०२३ मध्ये बार कौन्सिलने परस्परतेच्या तत्त्वावर मर्यादित प्रवेशाचे नियम जाहीर केले.

मुंबईच्या सॉलिसिटर पेढ्यांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास यापुढे एक वेगळीच अडचण येते. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १२६ नुसार अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवाचून वकिलाला उघड करता येत नसे, आणि हे बंधन वकिलीचा संबंध संपल्यावरही टिकत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये ते तसेच पुढे आले आहे. अशील आणि वकील दोघेही कैलासवासी झाले, पेढीचे नावही बदलले, तरी शंभर वर्षांपूर्वीच्या गिरणीमालकाची वा संस्थानिकाची फाईल अभ्यासकापुढे ठेवताना आजचा भागीदार कचरतो, तो यामुळे. परदरबारी वकिलांची पत्रे पेशव्यांच्या आणि त्या त्या घराण्यांच्या दप्तरांत राहिली म्हणून आपल्या हाती आली. सॉलिसिटरच्या दप्तराची किल्ली मात्र मृत अशिलाकडेच आहे.