छ्वांगह्वा

छ्वांगह्वा (शब्दशः अर्थ: ‘खिडकीचे फूल’) हा चिनी कागद-कातरकामाचा एक प्रकार आहे. वसंतोत्सवात, म्हणजेच चांद्र नववर्षाच्या सणात, लाल कागदाची ही नक्षी खिडक्यांवर चिकटवतात. घड्या घातलेला कागद कात्रीने कापून उलगडल्यावर सममित आकृती मिळते. मासा हे त्यातील लोकप्रिय चिन्ह होय. चिनी भाषेत ‘मासा’ व ‘शिल्लक’ या दोन्ही शब्दांचा उच्चार ‘यू’ असा होतो.

ही नक्षी उन्हाने फिकी पडते व पुढील सणाला बदलली जाते. नमुना टिकवण्यासाठी ती पूर्वी ओल्या कागदावर बसवून दिव्याच्या धुरावर धरत. नक्षी काढल्यावर काजळीत तिचा पांढरा ठसा उरे आणि त्यावरून नवी कापली जाई. २००९ मध्ये चिनी कागद-कातरकामाचा युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला.