पाच महिन्यांचा चातुर्मास

एप्रिल २०२०. तू सोळाची आहेस, पुण्यात आहेस आणि दहावीचा राहिलेला भूगोलाचा पेपर रद्द झाल्याची बातमी आत्ताच आली आहे. नाचावंसं वाटतंय, पण नाचणार कुठे? हॉलमध्ये बाबांचं ऑफिस, टीव्हीवर पुन्हा ‘रामायण’, ओट्यापाशी आई दालगोना कॉफी फेटतेय. तू मोबाइल घेऊन गादीवर पडतेस.

मावशीनं ग्रुपवर विनोद टाकलाय : लॉकडाउन उठेल तेव्हा आपण दारातून मावणार का? तू हसतेस आणि उठून आरशासमोर बाजूला वळून उभी राहतेस. मग यूट्यूबवर दोन आठवड्यांत पोट सपाट करणारं चॅलेंज. ते तू शेवटपर्यंत पाहतेस. ॲप नेमकं तेवढंच टिपून ठेवतं. उद्या तसलेच चार व्हिडिओ, परवा फीडभर पोटं आणि कुणी दिवसभरात काय खाल्लं त्याचे हिशेब. शाळा नाही, डब्यात हात घालणाऱ्या मैत्रिणी नाहीत. इतरांची शरीरं तुला आता फक्त निवडलेल्या कोनातून दिसतात.

२९ जूनला टिकटॉकवर बंदी येते, बाबा खूश. जुलैत इंस्टाग्राम रील्स आणतं.

मध्ये १ जुलैची आषाढी. संतांच्या पादुका यंदा एसटीनं पंढरपूरला गेल्या. तू उपास धरतेस, साबुदाण्याची खिचडीही नको म्हणतेस. पुढे श्रावणी सोमवार, संकष्ट्या, गुरुवार. आजी हरखते : “पोर किती सात्त्विक झाली गं!” आपल्या घरांत न जेवण्याला पुण्याईचा मान आहे; खाण्याशी जोडलेल्या मानसिक आजाराला लपायला याहून सोयीची जागा नाही. त्यात यंदा अधिक आश्विन, म्हणजे चातुर्मास पाच महिन्यांचा.

दिवाळीपर्यंत केसांचे पुंजके कंगव्यात येऊ लागतात. पाळी थांबलीय, आई म्हणते, परीक्षा-कॉलेजचं टेन्शन. पंखा लावला की तुला हुडहुडी भरते. व्हिडिओ कॉलवर आत्या विचारते : “केवढी बारीक झालीस! कसं केलंस, सांग की!” वर्षभरात तुला मिळालेली सर्वांत मोठी शाबासकी ती हीच.

तुला ठाऊक नाही, पण ज्या मार्चमध्ये तुझं घर बंद झालं त्याच मार्चमध्ये फेसबुकच्या संशोधकांनी कंपनीत अंतर्गत सादरीकरण केलं होतं : शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असताना इंस्टाग्राममुळे ते आणखी वाढलं, असं ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितलं. जगाला हे कळलं सप्टेंबर २०२१मध्ये, ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मधून. कागदपत्रं बाहेर आणणाऱ्या फ्रान्सिस हॉगन यांनी पुढच्याच महिन्यात अमेरिकी सिनेटसमोर साक्ष दिली. माहीत असून गप्प बसणं मला अल्गोरिदमपेक्षा वाईट वाटतं.

आता २०२०मधून परत ये. टेलि-मानसची १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली, मराठीतही बोलता येतं. तुझ्या वेळी ती नव्हती. आज घरातल्या कुणा मुलीचे उपास संपतच नसतील, तर तिच्या बारीक होण्याचं कौतुक करू नकोस; तिला डॉक्टरकडे ने आणि हा नंबर लाव.